खळगा नसलेली गादी

मंगळवार

बाबांनी माझी गादी आज पुन्हा उसवली. मला झोप लागत नाही हे त्यांच्या कानावर गेल्यापासून त्यांचं हेच चाललंय. पहिल्यांदा म्हणाले, कापूस दबलाय. मग म्हणाले, कापूस जास्त झालाय, पाठ आत जाते. मग मधे काथ्याचा थर घातला, आणि तो टोचेल म्हणून वर पुन्हा कापूस. आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या खालची एक लांबट खोली, पिंजायचं मशीन, टाके घालायचा ओटा आणि कापूस ठेवायचा माळा. बाबांच्या मते जगात कुणालाही झोप येत नसेल तर खोट त्याच्या गादीत असते. ती माणसात असू शकते हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

"अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात लोक," ते उसवता उसवता म्हणाले, "आपण पाय पाहून अंथरूण करतो." हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतात. मीही हसले. पण माझं हसू जरा उशिरा आलं, शेजारच्या खोलीतून कुणी हसावं तसं.

हल्ली सगळंच माझ्यापर्यंत उशिरा पोचतं. आई हाक मारते, ती मला ऐकू येते, मग बऱ्याच वेळानं कळतं की ते माझंच नाव होतं. पाण्याचा पेला हातात असतो आणि हात कुणाचा आहे ते बघावं लागतं. शाळेत बाई म्हणाल्या, कुठे हरवतेस? मला खरंच सांगता आलं नाही, कारण जिथे जाते तिथे काहीच नसतं. नुसतं पांढरं.

मशीन चालू झालं की कारखान्यातही तसंच होतं. कापूस उडतो, भुवयांवर बसतो, बाबांच्या आणि भिंतीच्या कडा पुसट होतात. तेवढा वेळ मला बरं वाटतं. सगळ्यांनाच तसं दिसत असेल तर मी एकटी वेंधळी नाही.

गुरुवार

दुपारी माळ्यावर झोपले. मला झोप येत नाही असं नाही, रात्री येत नाही आणि गादीवर येत नाही. माळ्यावर कापसाच्या गठ्ठ्यांच्या मधे एक बेचका आहे, तिथे पाठ टेकली की येते. तिथून दार दिसतं. शिडीही करकरते, त्यामुळे कुणी वर यायला लागलं तर आधीच कळतं. बाबांनी शिडीला तेल घालायला काढलं होतं, मी नको म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि तेलाची कुपी जागेवर ठेवून दिली. का नको म्हणून विचारलं नाही, हे एक बरं झालं.

आज एक वाक्य लिहायचं ठरवलंय. सकाळपासून ते मनात घोळवतेय.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी कापडवाल्यानं त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यावर जबरदस्ती केली.

लिहिलं. शाई वाळली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. छत पडलं नाही.

घरात आम्ही त्याला काका म्हणतो. इथे मी म्हणणार नाही. तो बाबांचा जुना दोस्त, दोघं एकाच वेळी धंद्यात पडले. गाद्यांच्या खोळींचं कापड त्याच्याकडूनच येतं. मी दर शनिवारी त्याच्या दुकानात घड्या घालायला, चिठ्ठ्या लावायला जायची. मला ते काम आवडायचं, कापडाचा वास आवडायचा, आणि त्याचे विनोदसुद्धा आवडायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते. मी हसायची. त्या दिवशी मागच्या खोलीत नवीन तागे आलेत म्हणाला, आणि मी माझ्या पायांनी बघायला गेले. कुणी ओढून नेलं नव्हतं. मग दोष कुणाचा म्हणायचा?

नंतर त्यानं मला गाडीतून घरी सोडलं. आईनं चहा केला. तो प्यायला. जाताना बाबांना म्हणाला, पोरगी दमलीय, जरा जपा तिला. सगळे हो म्हणाले. मीसुद्धा मान हलवली असावी.

शनिवार

स्वप्न पडलं, माळ्यावर. आमच्या घराच्या सगळ्या खोल्यांत जमिनीऐवजी कापूस होता. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चालत होते आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत आत जात होते. भीती वाटत नव्हती. आई ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती, तिचे पाय दिसत नव्हते. बाबा कमरेपर्यंत बुडून पेपर वाचत होते. सगळं नेहमीसारखं होतं. फक्त भिंगरी कुठे दिसत नव्हती आणि तिचा आवाज कापसाच्या खालून येत होता. ती गाणं म्हणत होती. मी खाली हात घातला, तर नुसता कापूसच हाताला लागत राहिला.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. चौदाची आहे. एका जागी बसत नाही म्हणून बाबांनी हे नाव पाडलं. मला ते मुकादम म्हणतात, कारण लहानपणी मी ओट्यावर बसून त्यांचे टाके तपासायची आणि वाकडा दिसला की बोट ठेवायची. भिंगरी सध्या माझ्यावर चिडलीय. ताईला राजाच्या गाद्या आणि मला गोणपाट, असं ती सगळ्यांना सांगत सुटलीय. तिची गादी खरंच जुनी आहे. पण ती तिच्यावर पडल्या पडल्या घोरते, त्यामुळे बाबा तिच्या गादीला हातच लावत नाहीत.

आईनं न्हाणीघराची कडी बदलून घेतली. जुनीत काहीच बिघाड नव्हता. मी हल्ली आतून बादली लावून ठेवते, ती ओली होऊन सरकते, म्हणून असेल. नवी कडी जाड आहे. सुतार कडी बसवत होता तोवर आई तिथेच उभी होती, आणि तो गेल्यावर तिनं ती स्वतः दोनदा ओढून बघितली. मला म्हणाली, आता नीट लागते बघ. बस, तेवढंच.

रविवार

तो आज आला होता.

मी माळ्यावर होते. आधी गाडीचा आवाज, मग चप्पल. त्याचा आवाज ऐकल्यावर मी पांढऱ्यात गेले, त्यामुळे मधलं बरंच मला नीट आठवत नाही. आठवतं ते असं. त्याला घरासाठी मोठी जोडगादी हवीय, कापूस उत्तम, टाके मुकादमनंच घालायचे. हे म्हणताना तो हसला. बाबा पण हसले. मग म्हणाला, सुट्टी लागली की पोरीला रोज सकाळी पाठवा, दुकानात माल फार आलाय, आणि तिलाही चार गोष्टी शिकायला मिळतील. बाबा म्हणाले, विचारायचं काय त्यात.

तो गेल्यावर मी खाली आले आणि माझं पोट दुखतंय म्हणाले. रोज दुखतं, सुट्टीतही दुखेल, मला जमणार नाही. आई म्हणाली, अगं पण बाबांनी शब्द दिलाय. बाबा माझ्याकडे बघत होते आणि हातातल्या कापसाचे बोटांनी बारीक बारीक धागे करत होते. मग भिंगरी, जी जिन्यात बसून सगळं ऐकत होती, म्हणाली, "मी जाते की. ताई नाही तर मी."

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. आई म्हणाली, जा बाई, घरात तरी शांतता. बाबा म्हणाले, बघू. पण त्यांचं बघू म्हणजे हो असतं.

मला आधी काय वाटलं ते लिहून ठेवते, कारण तेही खरं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

सोमवार

सुटल्यासारखं वाटलं, आणि ते रात्रभर टिकलं. सकाळी भिंगरीला वेणी घालताना तिची मान दिसली, पाठीमागून, अगदी बारीक. मला ओकारी आली. आई म्हणाली, बघ, म्हणजे खरंच पोट बिघडलंय.

बुधवार

भिंगरीचे सुट्टीचे बेत रचून झालेत. दुकानात जाताना कुठला फ्रॉक घालायचा, केस मोकळे की बांधलेले, पहिल्या पगाराचं काय घ्यायचं, सगळं. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हिचा. ती आरशासमोर गिरक्या घेत होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलं. शब्द जिभेपर्यंत आले आणि तिथेच बसले.

म्हणाले, "मागच्या खोलीत जाऊ नकोस."

"का?"

"उंदीर आहेत."

"मी नाही घाबरत उंदराला," ती म्हणाली आणि पुन्हा एक गिरकी घेतली.

उंदीर! जगात सांगण्यासारखं एवढं होतं आणि मला उंदीर सुचले. मी माळ्यावर जाऊन कापसात तोंड खुपसलं. रडले नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

आईला सांगावं असा एकदा विचार केला. पण आई त्याला चहा देते. बाबांना सांगावं तर बाबांना दोस्त हा एकच आहे. मी सांगितलं की घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या हलतील. खोळींची कापडं, दारातली गाडी, बाबांचे जुने किस्से, सगळ्यात तो आहे. आणि त्यांनी विचारलं, तू मागे का गेलीस, तर? मग मी मूग गिळून बसले. आमच्या घरात ही गोष्ट एरवी कुणालाच जमत नाही, मला चांगली जमायला लागलीय.

शुक्रवार

त्याची जोडगादी ओट्यावर आलीय. मोठी आहे, अर्धी खोली व्यापते. बाबांनी कापूस भरून खोळ शिवली आणि म्हणाले, मुकादम, टाके तुझे. मी दाभण घेतलं. दाभण म्हणजे आमची वीतभर लांब सुई, गादीच्या आरपार जाते. ती वरून खुपसायची, खालून ओढायची, गाठ मारायची. हाताला सवय आहे, हात करत गेले आणि मी लांबून बघत राहिले. गादी झाली की उद्या तो न्यायला येणार, आणि येताना भिंगरीलाही घेऊन जाणार, दुकान दाखवायला. असं ठरलंय. मी प्रत्येक टाक्याबरोबर उद्याच्या जवळ जात होते.

आमच्याकडे एक नियम आहे, बाबांच्या वडलांपासूनचा. संध्याकाळी सगळी दाभणं भिंतीवरच्या पाटीत परत खोचायची. एक जरी कमी भरलं तरी त्या दिवसाची गादी कारखान्याबाहेर जात नाही. कापसात गेलेलं दाभण कळत नाही, आणि मग महिन्यांनी कधीतरी कुणाच्या तरी पाठीत निघतं. म्हणून गादी पूर्ण उसवायची, कापूस मुठीमुठीनं चाचपायचा, मगच पुन्हा भरायची. या बाबतीत बाबा देवाचंही ऐकणार नाहीत.

शेवटचा टाका घातला. खोलीत ऊन होतं आणि उन्हात कापसाचे कण तरंगत होते, इतके हळू की थांबल्यासारखे. मी दाभण फ्रॉकच्या घडीत धरलं, वर गेले आणि माझ्या गादीच्या कडेच्या शिवणीतून आत सरकवलं. मग खाली येऊन म्हणाले, बाबा, एक दाभण सापडत नाहीये.

माझा आवाज फार छान आला. अगदी खरा.

शनिवार

दिवसभर गादी उसवत होते. बाबा, आई, भिंगरीसुद्धा. ओट्यावर, जमिनीवर, पायरीवर कापूसच कापूस, माझ्या स्वप्नातल्यासारखा. आई मूठ मूठ घेऊन दाबून बघत होती. भिंगरी मधेच सापडलं म्हणून ओरडायची आणि कापसाची गाठ काढून दाखवायची. बाबांच्या तळहाताला एवढीशी गोष्ट कळते, आणि ते प्रत्येक मूठ दोनदा चाचपत होते. मला त्यांची इतकी दया आली की मी जवळजवळ सांगून टाकलं.

तो आला तेव्हा मी माळ्यावर होते. बाबांनी त्याला सांगितलं, दाभण गेलंय, गादी देता येणार नाही. तो मोठ्यानं हसला, म्हणाला, तुमचा नियम म्हणजे नियम. मग सोमवारी नेतो, गादी आणि भिंगरी, दोन्ही. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस म्हणजे तिला दोन वर्षं.

म्हणजे मी काय मिळवलं? एक रविवार.

रविवार

हे सगळं आठवेल तसं लिहिते. आज पांढरं आलंच नाही, त्यामुळे सगळं फार स्पष्ट दिसलंय आणि डोळे दुखताहेत.

सकाळी आई आणि भिंगरी बाजारात गेल्या होत्या. बाबांनी मला खाली हाक मारली. ओट्यावर माझी गादी होती. माझी. ती त्यांनी उसवली नव्हती, नुसती पसरली होती. शेजारी दाभण ठेवलं होतं. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, बस. मी खालच्या गठ्ठ्यावर बसले, दाराकडे तोंड करून. ते उठले आणि दार अर्धं उघडं करून परत जागेवर येऊन बसले, माझ्यापासून लांब.

गादीवर हात फिरवत म्हणाले, माणूस आठ दिवस जरी गादीवर झोपला तरी तिला खळगा पडतो. खांद्याचा पडतो, कमरेचा पडतो. आपल्याकडे जुनी गादी आली की मी सांगतो ना, नवराबायको बोलतात की नाही ते. ही मी तुला इतक्यांदा करून दिली. हिला कुठेच खळगा नाही. तू हिच्यावर एकदाही झोपलेली नाहीस.



"दाभण हिच्यात होतं, हात फिरवताना लागलं," ते म्हणाले. "कुणाला टोचू नये म्हणून हिच्यात ठेवलंस. इथे कुणी झोपणार नाही हे तुला माहीत होतं."

बाबांच्या हातावर कापसाचा एक धागा होता, तो ते काढत नव्हते. मी धाग्याकडेच बघत होते. वाटलं, आत्ता पांढरं येईल आणि मला घेऊन जाईल. वाट पाहिली. आलं नाही.

मी म्हणाले, "भिंगरीला तिकडे पाठवू नका."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी मघाशी बसले तेव्हापासून त्यांना ठाऊक असावं की मी हेच म्हणणार आहे. मग मी सांगितलं. गुरुवारी लिहिलं होतं ते वाक्य, तसंच्या तसं, फक्त कापडवाला म्हणायच्या जागी काका म्हणावं लागलं, नाहीतर त्यांना कळलं नसतं. तो शब्द उच्चारताना तोंडात वाळू गेल्यासारखं झालं.

बाबांनी दोन्ही हात गादीवर टेकले. विचारलं, कधी. मी म्हणाले, परीक्षेच्या आधी. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"आणि मी गाद्या करत बसलो," ते म्हणाले.

"गाद्या चांगल्या होत्या, बाबा."

त्यावर ते रडायला लागले. मी माझ्या बाबांना रडताना कधी बघितलं नव्हतं. आवाज न करता रडतात, खांदे तेवढे हलतात. मला वाटलं हे मी केलं. म्हणून घाईघाईनं सांगायला लागले, की मीच मागे गेले होते, तागे बघायला, माझ्या पायांनी, आणि मी आधी त्याच्या विनोदांना हसायची. बाबांनी मान वर केली. त्यांना माझं म्हणणं खरोखर समजलंच नाही असं दिसलं. म्हणाले, "दुकानात काम करणारं माणूस मागच्या खोलीत जाणारच. त्यात तुझं काय?"

इतकं साधं. मी इतके दिवस या प्रश्नाला घाबरून होते, आणि त्यांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता.

मग आई आली. भिंगरीला शेजारी कुठेतरी पाठवून दिलं. बाबांनी मला विचारलं, मी सांगू का हिला. मी हो म्हटलं. ते सांगत असताना आई बाजाराची पिशवी हातात धरून उभी होती, ती तिनं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. ऐकून झाल्यावर आधी माझ्यावरच चिडली, मला का नाही सांगितलंस, मी मेले होते का. मग एकदम थांबली. म्हणाली, मला काहीतरी कळलं होतं. बादली बघितली तेव्हाच. मी कडी बदलली, पण विचारलं नाही, मला विचारायची भीती वाटली. हे ती माझ्याकडे न बघता, पिशवीकडे बघून म्हणाली. मग म्हणाली, माझ्या हातचा चहा प्यायला तो. हे ती दिवसभर अधूनमधून म्हणत राहिली. तिला जवळ घ्यायचं होतं मला. मी नको म्हटलं, तर ती माझ्या फ्रॉकचं टोक धरून बसली, आणि ते मला चाललं.

बाबा म्हणाले, पुढे काय करायचं ते तू सांगायचंस. त्याला तुडवायचं म्हणालीस तर मी आत्ता जातो. मी म्हणाले, नको. फक्त भिंगरी जायला नको. ते म्हणाले, भिंगरी जाणार नाही, ते झालं. पण त्याच्या दुकानात माल फार आलाय, तो दुसऱ्या कुणाची तरी मुलगी शोधेल.

जोर केला नाही. मी ओट्यावरच्या गादीकडे बघत विचार करत होते. मला कुणीच दिसली नाही, अनोळखी मुलीचा चेहरा कसा दिसणार. तिची मान तेवढी दिसली, पाठीमागून.

मी म्हणाले, मग सांगू या.

पोलीस ठाण्यातली खोली लहान होती, पंखा, लोखंडी कपाट, टेबलावर काच. काचेखाली कुणाच्या तरी बाळाचा फोटो. फौजदार बाई माझ्या आईच्याच वयाच्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं, दार लोटू की उघडं असू दे असं विचारलं, आणि मग सगळ्यांना मिळून म्हणाल्या, कोण सांगणार. आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणून मी म्हणाले, मी सांगते.

पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी अवघड गेलं. वाटलं होतं उलट असेल. मधे मला थांबावं लागलं, खूप वेळ, आणि बाई काचेखालच्या फोटोकडे बघत थांबल्या. मग डॉक्टर. डॉक्टरही बाईच होत्या, प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायच्या आणि मी हो म्हणेपर्यंत हात लावायच्या नाहीत. इतका वेळ लागतो म्हणून त्यांची मदतनीस वैतागली होती. डॉक्टर नव्हत्या वैतागल्या.

मंगळवार

काल लिहिलं नाही. काल सोमवार होता.

सकाळी मी उठल्यापासून रस्त्याकडे कान लावून होते. गाडी आली नाही. दुपारी फौजदार बाईंचा फोन आला की त्याला घेऊन गेलेत, आणि मला अजून बऱ्याचदा बोलावं लागेल, त्याची तयारी ठेव. तो सगळं नाकारतोय. बाबांना सांगा म्हणाला म्हणे, इतक्या वर्षांच्या दोस्तीवर पाणी सोडताय. बाबांनी फोन ठेवला आणि ती मोठी जोडगादी, उसवलेली, तशीच उचलून मागच्या अंगणात टाकली. ऊन लागून कापूस फुगलाय. तिचं काय करायचं कुणालाच सुचत नाहीये.

काहीही मिटलेलं नाही. झोप नाही. रस्त्यावरचे दोन दुकानदार काल बाबांशी बोलले नाहीत. एक तिसरा, जो एरवी बोलत नाही, तो आला आणि उगाच उशीची ऑर्डर देऊन गेला.

भिंगरीला मीच सांगितलं, न्हाणीघराच्या पायरीवर बसून. सगळं नाही, पण उंदीर नव्हते एवढं सांगितलं. ती प्रथमच आयुष्यात एका जागी बसली. मग म्हणाली, काका मला म्हणाले होते, पहिल्या दिवशी थोडी लवकर तयार राहा, दुकान उघडायच्या आधी नेतो, म्हणजे मागची खोली दाखवतो. मी जाणार होते, ताई. सोमवारी.



काल सोमवारी ती घरी होती. सकाळी तिनं माझा कंगवा मोडला आणि मीच मोडला म्हणून माझ्यावर ढकललं. दुपारी खिडकीची जागा कुणाची यावरून भांडली. संध्याकाळी माझ्या वहीवर पाणी सांडलं, सॉरी म्हटलं नाही, आणि आईनं रागावल्यावर एवढ्या मोठ्यानं भोकाड पसरलं की शेजारच्या बाई बघायला आल्या. दिवसभर ती घरात होती आणि दिवसभर तिचा आवाज येत होता.